धुराला जबाबदार माणूस

आमच्या साहेबांकडे घराचा नकाशा काढून घ्यायला कोणी आलं की साहेब त्याला खोल्या किती हव्यात ते विचारत नसत. ते विचारत, "धूर किती करणार?"

समोरच्या बिचाऱ्याला वाटायचं स्वयंपाकघराबद्दल चाललंय. तो म्हणायचा, "छे हो, चूल कधीच गेली, गॅस आहे आमच्याकडे." झालं! साहेबांना चेव यायचा. खुर्ची पुढे ओढून ते सुरू करत. सिमेंट म्हणजे गोठवलेला धूर. चुनखडीचा दगड भट्टीत भाजतात तेव्हा कोळशाचा धूर निघतो तो निघतोच, पण दगडाच्या पोटातूनही एक वायू निघतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि वर जाऊन पृथ्वीवर गोधडीसारखा पसरतो. "आणि त्या गोधडीखाली आपण सगळे उकडून निघणार. बरं, हॉल किती फुटी हवाय म्हणालात?"

अर्धी गिऱ्हाइकं इथेच गळायची. उरलेल्यांतली अर्धी कलम अकराला गळायची. त्या कलमाबद्दल सांगतेच, पण आधी मी या माणसाच्या हाताखाली कशी सापडले ते ऐका.

अठ्ठ्याण्णव साल. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी घरी बसले होते, कारण रत्नागिरीतल्या ठेकेदारांना साइटवर मुलगी नको होती. कोणीतरी म्हणालं, मारुती मंदिराजवळ एक म्हातारा इंजिनियर आहे, जरा चक्रम आहे, पण माणूस चांगला. गेले. टेबलावर जांभ्या दगडाचा एक चिरा आणि एक सिमेंटचा ब्लॉक शेजारी शेजारी ठेवलेला. साहेबांनी माझी मार्कलिस्ट बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, "यातला जास्त धूर पिऊन कोण आलंय?"

मला वाटलं, पिऊन कोण आलंय ते तर दिसतंच आहे समोर. पण नोकरी हवी होती. मी ब्लॉककडे बोट दाखवलं. "का?" म्हणाले. मी म्हटलं, "चिरा आपल्याच सड्यावरून कापून आणलाय. हा कुठून कुठून फिरून आलाय कोण जाणे." साहेब इतके खूश झाले की मला तिथल्या तिथे कामावर घेतलं आणि 'इंजिनियरीणबाई' म्हणायला लागले. पुढची कैक वर्षं मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

दिसायला म्हणाल तर किडकिडीत, पांढरी टोपी, खिशाला पेनाच्या शाईचा कायमचा डाग. आवाज मात्र असा की मांडवीच्या जेटीवर उभं राहून ओरडले असते तर होडीतल्या माणसाने मागे वळून बघितलं असतं. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती आणि ती उतारावर बंद ठेवायची असा त्यांचा नेम होता. रत्नागिरीत उतार काय कमी आहेत? मालगुंडकडे जाताना मी मागच्या सीटवर, हातात नकाशांची गुंडाळी, इंजिन बंद आणि साहेब गप्पा मारत सुसाट खाली. मी ओरडायचे, "साहेब, ब्रेक!" ते म्हणायचे, "ब्रेकला धूर नाही, घाबरू नकोस." एकदा एक म्हैस आडवी आली. म्हैस शहाणी होती म्हणून आज मी हे सांगतेय.

घरी काकूंची, म्हणजे साहेबांच्या बायकोची, वेगळीच तऱ्हा. मी गेले की काकू चहा द्यायच्या आणि कानाशी येऊन सांगायच्या, "लगेच पी हो. थंड झाला तर यांच्या राज्यात परत गरम होत नाही." साहेब आतून ओरडायचे, "ऐकू येतंय मला!" काकू म्हणायच्या, "ऐकू यावं म्हणूनच बोलत्येय." दोघांचं हे असं चालायचं. पण काकूंचा जीव होता त्यांच्यावर. एकदा मी वैतागून म्हटलं, काकू, हे खूळ यांच्या डोक्यात शिरलं तरी कुठून? तेव्हा त्यांनी आधी आत डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "जन्मभर सरकारी नोकरीत काँक्रीटच ओतलं ना ग त्यांनी. पूल, टाक्या, कचेऱ्या. एक दिवस कुठल्याशा इंग्रजी मासिकात ते धुराचं वाचलं, आणि रात्री जेवलेच नाहीत. म्हणाले, माझ्या नावावर किती धूर आहे तुला कल्पना नाही."

तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनातही चक्रम म्हणणं सोडलं. म्हणजे कमी केलं.

आता कलम अकरा. मालक आणि ठेकेदार यांच्यात बांधकामाचा करार होतो, तो साहेब स्वतः लिहायचे आणि मी टाइप करायचे. दहा कलमं चारचौघांसारखी. अकरावं असं:

'सदर बांधकामापायी जो धूर आकाशात जाईल, मग तो दिसो अथवा न दिसो, त्यास लिहून देणार व लिहून घेणार हे उभयता जबाबदार राहतील. सबब चिरा पंचक्रोशीतलाच वापरणेचा आहे. जेथे चिरा चालतो तेथे काँक्रीट करणेचे नाही. जुने चालणारे सामान टाकून देणेचे नाही.'

पंचक्रोशी म्हणजे आसपासची गावं. बाहेरून ट्रक भरभरून माल आणायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. साहेब काही आडमुठे नव्हते. तुळईला, पायाच्या पट्ट्याला सिमेंट लागतं तिथे लागतं, हे ते मान्य करत. "मी वेडा नाही," असं दर करारागणिक एकदा तरी सांगत, आणि समोरचा दर वेळी मान डोलवे.

आणि दर वेळी ते कलम खोडलं जायचं. मालकाला वाटे, उद्या कोण कोर्टात खेचेल. ठेकेदाराला वाटे, ही नसती ब्याद. बरं, करारात खाडाखोड केली की शेजारी सह्या कराव्या लागतात, म्हणून ती आडवी रेघ साहेबांच्या डोळ्यांदेखत मारली जायची. साहेब खिडकीबाहेर बघत बसत. मग मला म्हणत, "पुढच्या वेळी बघू." निविदा मागवताना ते ठेकेदारांकडून धुराचा अंदाजही मागवायचे. सामान कुठून येणार, ट्रकच्या किती खेपा होणार, लिहा. एकाने त्या रकान्यात लिहून दिलं, 'धूर – नग एक.' मी हसून हसून लोळायची बाकी होते. साहेब म्हणाले, "हस तू. निदान एक तरी कबूल केलाय ना त्याने?"

एकच इच्छा होती हो त्या माणसाची. कलम अकरा न खोडता एक इमारत उभी राहिलेली बघायची. एकच.

आणि ती इमारत आली. मालगुंडच्या पलीकडे, आत सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, एक गाव आहे. गावात सातवीपर्यंतची शाळा होती, पुढे हायस्कुलाला नवी नवी परवानगी मिळालेली. आठवी-नववीचे वर्ग देवळाच्या मंडपात भरायचे. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने इमारत बांधायचं ठरवलं आणि काम साहेबांकडे आलं. अट अशी की पुढच्या जूनपर्यंत इमारत झाली नाही तर परवानगी जाणार. मुलगे गेले असते कुठेतरी लांब चालत. मुलींना कोण पाठवतंय? त्यांची शाळा नववीतच आटपली असती.

साहेबांनी नकाशा असा काही काढला की मीसुद्धा बघत राहिले. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, वाऱ्याच्या दिशेने लांब पडवी, पायाची माती पायातच परत. खाण गावाच्या डोक्यावरच, सड्यावर. ट्रक गावाबाहेर जायचं कामच नाही.

काम घेतलं भाईंनी. भाई म्हणजे नाटे गावचे ठेकेदार. तरुणपणी कुवेतला मोठमोठ्या कामांवर होते, तिथून आले ते काँक्रीटच्या प्रेमात पडूनच. साहेबांचे जुने मित्र आणि जुने वैरी. करारावर सह्या करायला आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो, मुंबईहून मंडळाचे अध्यक्ष आलेले. अध्यक्षांनी कलम अकरा वाचलं आणि पेन काढलं. भाईंनीही काढलं.

"सायब," भाई म्हणाले, "भिंत फुटली तर मी जबाबदार. पाणी गळलं तर मी जबाबदार. पन आसमानाला मी कसा जबाबदार?"

"मग कोण जबाबदार?" साहेब म्हणाले. "मला त्याचं नाव दे, मी त्याची सही आणतो."

खूप वादावादी झाली. शेवटी व्हायचं तेच झालं. रेघ मारली गेली, सह्या झाल्या. साहेब समुद्राच्या दिशेला बघत बसले. तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.

देवळाचा गुरव हे सगळं खांबाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "सायेब, तुमचा मागना काय हाय ता मना सांगा. मी घालतो गाऱ्हान्यात."

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करण्याआधी देवासमोर गाऱ्हाणं घालतात. गुरव एकेक मागणं मोठ्याने मागतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. साहेब देवबिव मानणारे नव्हते. पण क्षणभर विचार करून म्हणाले, "देव आहे की नाही मला ठाऊक नाही. साक्षीदार म्हणून माझी हरकत नाही."

गुरवाने नारळ ठेवला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या गावात पोरांच्या शाळंचा पाया घालतायत." व्हय म्हाराजा! "ती शाळा आपल्या पंचक्रोशीच्याच चिऱ्याची व्हऊ दे." व्हय म्हाराजा! "चिरा चालंल तिथं शिमीट नको, आनि तुज्या आभाळात आमचा धूर नको." व्हय म्हाराजा! सगळ्या गावाचा आवाज, आणि त्यात भाईंचा खणखणीत. भाई मुसलमान, पण गावच्या देवळात काम सुरू करताना ते नेहमी उभे राहत आणि सगळ्यांबरोबर बोलत. कोकणात यात कोणाला नवल वाटत नाही.

उतरताना साहेब भाईंना म्हणाले, "काय रे, कागदावर नाही म्हणालास, आणि इथे व्हय?"

भाई थबकले. त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. मग म्हणाले, "कागदावर रेघ मारता येते सायब. इथं पेन कुठं चालवू? जबान गेली ती गेली."

आणि काय सांगू, त्या दिवसापासून भाई साहेबांपेक्षा कडक झाले. पंचक्रोशीबाहेरची वीट नाही की जांभ्याचा तुकडा नाही. डंपरचा ड्रायव्हर गाडी चालू ठेवून विडी ओढताना दिसला तर भाई त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. साहेबांचा चेहरा त्या हिवाळ्यात इतका उजळला होता, की काकू मला म्हणाल्या, "लग्नातसुद्धा असे दिसत नव्हते ग."

एप्रिलात खाण दगा देऊन गेली. मातीचा पट्टा लागला. चिरा कापून वर काढला की हातात चुरा. भिंती अर्ध्यावर आलेल्या, एका बाजूच्या तर नुसत्या खिडकीच्या उंचीला. पंचक्रोशीत दुसरी चालू खाण नाही. मुंबईहून अध्यक्षांचा फोन, कोल्हापूरहून ब्लॉकचे ट्रक पाठवतो, घाट उतरून दोन दिवसांत येतील. भाई म्हणाले, "मी उतरवून घेनार नाय. मी म्हाराजाला होय बोललोय. आता सायबांनी सांगितलं पायजे, आनि मला नाय, तिथं देवळात जाऊन सांगितलं पायजे."

मी घरी जाऊन साहेबांना निरोप दिला. मला वाटलं आता आरडाओरडा, आता धुरावर व्याख्यान. तसलं काहीच झालं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या म्हातारे दिसायला लागले एकदम. काकू दारातून म्हणाल्या, "अहो, तुमचं ते आभाळ राहू दे थोडे दिवस. पोरींचं वर्ष जाईल." साहेब म्हणाले, "मला कळतंय ते." आणि टोपी घातली. "चला, इंजिनियरीणबाई."

स्कूटर त्यांनी त्या दिवशी सगळा रस्ता, उतारावरसुद्धा, चालू ठेवली. मला ब्रेक म्हणून ओरडायची संधीच मिळाली नाही, आणि मला रडू येत होतं.

संध्याकाळी देवळात गाव जमलं. भाई आले. गुरव म्हणाला, "माज्या तोंडून नको सायेब. तुमीच बोला." साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. देवासमोर काय बोलतात ते त्यांना माहीत नव्हतं. तो एवढा आवाज, पण मागच्या माणसांना कान द्यावे लागले.

"महाराजा," ते म्हणाले, "मी इथे मागितलं होतं ते परत घ्यायला आलोय. चिरा संपला. बाहेरून माल येईल, सिमेंट येईल, धूर होईल. त्या धुराला हा ठेकेदार जबाबदार नाही. गाव जबाबदार नाही. मी एकटा जबाबदार. आधीचा आहेच माझ्या नावावर. त्यात एवढा आणखी लिही, आणि पोरींची शाळा होऊ दे."

गुरवाने माणसांकडे बघितलं. आता सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. ते म्हटलं की दिल्या शब्दातून सगळे मोकळे.

कोणी बोललं नाही.

गुरव परत म्हणाला, "बोला रे." कोणी नाही. भाई खाली बघत उभे. साहेब वळले आणि मग मात्र खवळले. "अरे म्हणा ना! तोंडं शिवलीत काय? जून आला तोंडावर, पोरी घरी बसतील तुमच्या! माझ्या कलमाचं काय घेऊन बसलात? म्हणा व्हय!"

मागून एक बाई पुढे आली. वनिता तिचं नाव, तिची मुलगी नववीत होती, तेव्हा बोलायचा पहिला हक्क तिचाच. पदर खोचून म्हणाली, "आमी नाय बोलनार."

"का?"

"जो येतो तो सांगतो, चिरा काडून टाका, शिमीट आना. माजा घोव मुंबयवरनं येतो तो पन ताच सांगतो. तुमी येकलेच आमच्या चिऱ्याला चांगला बोललाव. आनि आता तुमीच मागं फिरताव?" मग तिने आपल्या घराच्या दिशेला हात केला. "खान सपली म्हंजे चिरा सपला काय? माज्या आवाराचा गडगा हाय. तो काडा."

गडगा म्हणजे आवाराभोवतीची चिऱ्यांची भिंत. आमच्या गावांतून घरापेक्षा गडगे जास्त. एकजण म्हणाला, माझा पडका गोठा न्या. दुसरा म्हणाला, बंद घराची पडवी आहे आमच्या चुलत्याची, मी विचारतो. कोणीतरी पाठीमागून ओरडलं, "अध्यक्षांचा गडगा लय लांब हाय हो!" आणि सगळं देऊळ हसलं. हसू थांबायच्या आत भाईंनी बाह्या वर केल्या होत्या.

पुढचं सांगण्यासारखं म्हणजे एवढंच, की अध्यक्षांचा गडगा खरंच गेला. त्यांनी फोनवर आधी आदळआपट केली आणि मग स्वतःच येऊन शेवटचे चिरे उचलू लागले. वर्षानुवर्षं वाऱ्यापावसात मुरलेला चिरा नव्या चिऱ्याहून कडक असतो. साहेब एकेक चिरा नखाने खरवडून बघत आणि "वा! वा!" करत. गवंडी कंटाळून म्हणाला, "सायेब, हातात घ्या, पन सोडा तरी." मिरगाआधी कौलं चढली. भिंती अजून तशाच आहेत, कुठे काळपट, कुठे तांबड्या, कुठे शेवाळाचे डाग. त्या पावसाळ्यात वनिताच्या परसात गावभरची गुरं शिरून भाजी खाऊन गेली, आणि साहेब दर रविवारी जाऊन तिच्या आवाराला कुंपणाची झाडं लावत बसले. तीन-चार वर्षांनी ते गेले. त्या वर्षांत त्यांनी आणखी करार लिहिले, आणि त्यांतलं कलम अकरा लोकांनी नेहमीसारखंच खोडलं. फरक एवढाच की मग ते खिडकीबाहेर बघत बसत नसत. ते मला म्हणत, "चहा सांग."

पण मला साहेब आठवतात ते त्या संध्याकाळचे. माणसं पांगली होती, भाई गडगा मोजायला वनिताबरोबर गेले होते. साहेब देवळाच्या पायरीवर बसले होते, टोपी अजून हातातच. मी शेजारी बसले. बघते तर डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ते पुसतही नाहीयेत.

म्हणाले, "ऐकलंस? नाही म्हणाले."

मी म्हटलं, "हो साहेब."

"आयुष्यभर लोक मला नाहीच म्हणत आले ग," साहेब म्हणाले. "पण असं 'नाही' कोणी म्हटलं नव्हतं."